बिनस्क्रीनचा कॉम्प्युटर

माझ्या दुकानात नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मालक कुठे गेलेत?" मालक मीच आहे म्हटलं की दुसरा येतो, "बरं, मग मशीन बसवणारे कधी येतात?" मशीन बसवणारीही मीच. यानंतर काहीजण पायरीवरूनच वळतात. जे थांबतात ते माझं गिऱ्हाईक. नऊ वर्षं झाली, मावळातल्या वडगावात तहसील कचेरीच्या रस्त्यावर एका शटरच्या गाळ्यात मी कॉम्प्युटर जुळवते. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा वाटलं, स्क्रू आणि वायरींबद्दल कोण वाचणार? मग टाकव्याची वैशाली आठवली आणि म्हटलं, लिहायलाच हवं.

ज्यांना या धंद्याची काही माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. कॉम्प्युटर दोन तऱ्हांनी घेता येतो. एक म्हणजे कंपनीचा बंद खोका, आत काय आहे ते विचारायचं नाही. दुसरा म्हणजे सुटे भाग निवडून जुळवलेला. भाग फार नसतात. हिशोब करणारा प्रोसेसर, सगळ्यांना एकमेकांशी जोडणारा मदरबोर्ड, चालू कामापुरतं लक्षात ठेवणारी रॅम, कायमचं साठवणारी एसएसडी, भिंतीतली वीज पचेल अशी करून देणारा एसएमपीएस, आणि हे सगळं पोटात घेणारी पत्र्याची पेटी, म्हणजे कॅबिनेट. बाहेर स्क्रीन, कीबोर्ड, माउस. घरात पहिल्यांदाच कॉम्प्युटर घेणाऱ्याकडे तीस-पस्तीस हजार असतात आणि सगळं त्यातच बसवायचं असतं. एका भागावर उधळलं की दुसऱ्यावर कात्री. ती कात्री कुठे चालवायची आणि कुठे अजिबात चालवायची नाही, एवढंच माझं शास्त्र.

आमच्या घरात कथा-कादंबऱ्या नव्हत्या, पत्रकं होती. माझे वडील तळेगावच्या एका कारखान्यात कामाला. सभा असो, मोर्चा असो, विहारातला कार्यक्रम असो, तिथे वाटलेलं प्रत्येक पत्रक ते घडी करून खिशात घालून आणत. वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. पत्रकाची भाषा मला आजही आवडते, कारण पत्रकातलं वाक्य खुर्चीत बसून बोलत नाही, उभं राहून बोलतं. वडील सांगायचे, "ज्याला आतलं कळतं तो बाहेरच्यावर सत्ता गाजवतो. आतलं सगळ्यांना कळलं पाहिजे." ते कारखान्याबद्दल बोलत होते. मी ते कॅबिनेटला लावलं.

दुकान उघडलं त्याच महिन्यात मी एक पानी पत्रक काढलं. नाव ठेवलं, 'झाकण उघडा!' पुढे ते फोनवरही फिरायला लागलं. त्यात लिहिलं होतं की ज्या वस्तूचं झाकण तुम्हाला उघडता येत नाही ती तुमच्या मालकीची नाही. दिवे लागणाऱ्या पंख्यांना भुलू नका, दिव्यांनी काम लवकर होत नाही. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस घेऊ नका. त्यावर साडेचारशे वॅट छापलेले असतात, पण छापायला शाई लागते, वॅट लागत नाहीत. स्क्रीनवर काटकसर करू नका. बाकी सगळे भाग बदलता येतील, डोळे बदलता येणार नाहीत. आणि शेवटी ठळक अक्षरांत: जो मशीन नेणार त्याने ते दुकानात बसून स्वतःच्या हाताने जुळवायचं. मी शेजारी उभी राहून सांगेन. गिऱ्हाईक कुणीही असो.

या शेवटच्या अटीवरून माझी बरीच भांडणं झाली आहेत. "पैसे आम्हीच द्यायचे आणि कामपण आम्हीच करायचं?" हे वाक्य मला पाठ आहे. कंपनीला जमीन दिलेले एक बागायतदार आले होते. गळ्यात साखळी, बाहेर गाडी चालूच ठेवलेली. म्हणाले, "पोरी, सगळ्यात म्हाग काय हाय ते बांधून दे."

"भाऊ, कशासाठी पाहिजे?"

"शेजारच्यानं लायटीचा घेतलाय. आपला त्याच्या वरचा पायजे."

"त्यांचा मुलगा काय करतो त्याच्यावर?"

"त्ये कुटं इचारलं?"

मी त्यांना गाडी बंद करायला लावली आणि स्टुलावर बसवलं. अडीच तास ते घाम पुसत, मला आणि स्क्रूंना शिव्या घालत बसले होते. घ्यायचा ठरवला होता त्याच्या निम्म्या किमतीत मशीन झालं आणि त्यांच्या मुलाच्या शाळेच्या कामाला ते भरपूर होतं. निघताना त्यांनी माझ्यासमोर त्या शेजाऱ्याला फोन लावला. "काय रं, तुज्या मशीनमदी रॅम किती? न्हाई म्हाईत? मग काय घेतलंस लेका, लायटी?" तेव्हापासून ते जातायेता दुकानासमोर हॉर्न वाजवतात.

सगळ्याच गोष्टी अशा गोड नाहीत. लोणावळ्यातल्या एका बंगल्याचा रखवालदार पाहुण्यांची नोंद ठेवायला मशीन घेऊन गेला. मी त्याला बजावून सांगितलं होतं, आमच्याकडचा पाऊस तुला माहीत आहे, मशीन कोरडं ठेव. लोणावळ्यात पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येते म्हणून लोक कपाटात बल्ब पेटता ठेवतात. या गड्याने मशीन थेट चादरींच्या कपाटात, पेटत्या बल्बशेजारी ठेवलं आणि दार लावून घेतलं. "ताई, हाडासारखं कोरडं ठेवलंय," तो अभिमानाने म्हणाला. आत मदरबोर्ड भाजून निघाला होता. चूक त्याची नव्हती. कोरडं ठेव म्हणाले, पण मशीनला श्वासही घ्यावा लागतो हे सांगायला मी विसरले. पत्रकात ते वाक्य नंतर घातलं.

आता वैशालीबद्दल.

दोन वर्षांपूर्वीचा आषाढ. मावळात भाताच्या लावण्या चालू होत्या, दुकानात कुणी फिरकत नव्हतं. टाकव्याहून वडापच्या, म्हणजे सीटा भरून धावणाऱ्या, जीपने दोघीजणी आल्या. पुढे साठीच्या मावशी, लुगड्याचा काठ चिखलाने माखलेला, लावणी सोडून आल्या होत्या हे उघड होतं. मागे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात घडीची पांढरी काठी.

"मालक कुटं गेलं?" मावशींनी विचारलं.

"मीच मालक, मावशी."

"तू व्हय? लय बरं झालं बाय. गड्यांना काय इचारलं की आदी हसत्यात, मग सांगत्यात."

मी खूश झाले. दोघींना बसायला स्टूल दिलं आणि मावशींना विचारलं, "हिला कशासाठी हवाय कॉम्प्युटर?"

"ताई, मी इथंच बसलेय," मुलगी म्हणाली. "मला विचारलं तरी उत्तर येतं."

माझे कान तापले. सात वर्षं लोक माझ्या डोक्यावरून 'मालक कुठे' विचारत आले आणि मी चिडत आले. मी तिच्या डोक्यावरून तेच केलं होतं, आणि तेही तिने दुकानात पाऊल टाकल्यापासून दोन मिनिटांच्या आत.

तिचं नाव वैशाली. बाराव्या वर्षी दृष्टी गेली, पुण्यात वसतिगृहात राहून बी.ए. झाली. एका कंपनीत फोन घेण्याच्या जागेवर होती, ती जागाच बंद झाली. आता पुण्यातली एक संस्था जुन्या माणसांच्या आठवणी बोलत्या स्वरूपात जमवत होती आणि त्या ऐकून मराठीत टाइप करणारं माणूस शोधत होती. वैशालीचं ऐकणं तल्लख, टाइपिंग चांगलं. संस्थेने तिला दहा टेप द्यायचं कबूल केलं होतं. येत्या सोमवारपासून शनिवारपर्यंत दहाही नीट टाइप करून पाठवल्या तर घरबसल्या कायमचं काम. नाहीतर दुसरी माणसं रांगेत होतीच. फोनवर टाइप करून तिने आधी एक टेप पाठवली होती. त्या एकीलाच चार दिवस गेले होते. तिच्याजवळ नोकरीतून उरलेले बत्तीस हजार होते.

"समदं हिचंच कमावल्यालं हाय," मावशी म्हणाल्या. "भाऊबंद म्हनत्यात, आंधळ्या पोरीला कॉम्पुटर, म्हंजी पैसं पान्यात. आता ह्ये काम मिळालं न्हाई तर त्यांचंच खरं हुईल."

"तुमचं पत्रक फोनने वाचून दाखवलं मला," वैशाली म्हणाली. "चांगलं लिहिलंय. फक्त तो स्क्रीनचा मुद्दा सोडून. डोळे बदलता येत नाहीत हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं."

"हिच्या जिभंला हाड न्हाई बग," मावशी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मला मात्र हसावं की कुठे तोंड लपवावं ते कळेना.

स्क्रीन नको म्हटल्यावर हिशोब एकदम बदलला. स्क्रीनवर जाणारे सहा-सात हजार मोकळे झाले. कधी गरज पडलीच तर घरातल्या टीव्हीला वायर लावता आली असती. तिचं सगळं काम पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालणार होतं. म्हणजे कळ दाबली की आवाज लगेच यायला हवा, अर्धा सेकंद अडखळला तरी ओळ हुकणार. म्हणून रॅम दुप्पट घेतली, एसएसडी चांगली घेतली. प्रोसेसर मधल्या फळीतला, पण दमदार.

बाकीचे भाग तिने निवडले, आणि ते कसे, हे मी कधी विसरणार नाही. मी दोन एसएमपीएस तिच्यासमोर ठेवले. तिने एकेका हातात एकेक घेतला. "हा पोकळ आहे," डाव्या हातातला खाली ठेवत ती म्हणाली. तो खरोखरच हलका माल होता, मी मुद्दाम ठेवला होता. कॅबिनेटच्या आतल्या कडांवरून बोट फिरवून तिने स्वस्तातलं एक बाजूला केलं, त्याचा पत्रा बोट कापत होता. पंखे मी एकामागून एक चालू केले. तिने तिसऱ्यावर हात वर केला. "हा आत कुठंतरी घासतोय." मला काही ऐकू आलं नाही. कानाजवळ धरला तेव्हा ऐकू आलं. नव्या खोक्यातला पंखा होता तो. मी तो परत पाठवला. डोळे शाबूत असलेलं गिऱ्हाईक पंख्याचा रंग बघतं.

"आता एक सांगा," ती म्हणाली. "मशीन सुरूच झालं नाही तर मला कसं कळणार? तुम्हाला पडद्यावर काहीतरी दिसेल. मला नुसती शांतता."

मला एक जुनी गोष्ट आठवली. मदरबोर्डवर बोटाच्या पेराएवढा एक बझर लावता येतो. मशीन सुरू होताना बोर्ड स्वतःला तपासतो आणि त्या बझरमधून आवाज काढतो. या बोर्डाच्या भाषेत एक छोटा आवाज म्हणजे सगळं ठीक, लांब आवाज पुन्हा पुन्हा आला तर रॅमची तक्रार. हल्ली खोक्यात तो बझर देतही नाहीत, कारण सगळेच पडद्याकडे बघतात. खणात मेलेल्या बोर्डांचे सात-आठ पडले होते, त्यातला एक काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"एवढासा?" ती म्हणाली. "आणि किंमत?"

"काही नाही."

"मग हा सगळ्यात महाग भाग आहे."

सगळं निवडून झालं. मी एप्रन घातला, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणाले, "तू बस आता. मी जुळवून देते. तासाभराचं काम."

वैशाली शांतपणे म्हणाली, "पत्रकात लिहिलंय, गिऱ्हाईक कुणीही असो. मी कुणी नाही का?"

"तसं नाही गं. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमध्ये केसासारख्या पिना असतात. बोट लागलं तरी वाकतात. बोर्ड फुकट जाईल."

"बोर्ड माझा आहे."

"तुझी अडचण म्हणून म्हणत होते."

"माझी अडचण मला माहीत आहे. ही तुमची अडचण आहे."

मावशी मध्ये पडल्या, "आगं, ताई एवढं म्हनतीया तर करू दे की."

"आई, काल तुला भाऊबंदांनी म्हटलं, म्हातारी झालीस, रोपं आमी लावतो, तू बांधावर बस. बसलीस का?"

मावशींनी लुगड्याचा चिखलाचा काठ पायाखाली सारला.

प्रामाणिकपणे लिहिते. तोवरच्या सात वर्षांत मी माझी अट चारदा मोडली होती. एक निवृत्त कारकून, हात थरथरणारे. कडेवर पोर असलेली एक बाई. दोन आजीबाई. प्रत्येक वेळी 'राहू द्या, मी करते' म्हणताना मला फार उदार वाटलं होतं. तगड्या माणसांना स्टुलावर बसवणारी मी, ज्यांना झाकण उघडण्याची गरज सगळ्यात जास्त होती त्यांच्याच हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेत होते. त्या चौघांची आजही खंत आहे. कारकून तर आता नाहीत.

मी एप्रन काढून वैशालीला घातला.

खणातला एक मेलेला बोर्ड आधी तिच्यासमोर ठेवला, याला हवा तिथे हात लाव म्हटलं. तिने त्याच्यावर दहा बोटं ठेवली. आणि मग मला, सात वर्षं हेच काम करणाऱ्या मला, माझ्या कामातली एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. कॉम्प्युटरमधला जवळपास प्रत्येक भाग एकाच बाजूने बसतो. रॅमच्या पट्टीला मध्यापासून जरा सरकलेली खाच असते, उलटी धरली तर ती बसतच नाही. प्रोसेसरच्या कडांना खाचा, वायरींच्या टोकांना खटके, एसएसडीला चीर. आम्ही डोळ्यांनी बघतो म्हणून त्या खाचा कधी चाचपत नाही. वैशालीच्या बोटांना त्या लगेच सापडल्या. मेलेल्या सॉकेटवर तिने एक जुना प्रोसेसर पाच वेळा बसवला आणि काढला, पिनांना न शिवता फक्त चौकटीच्या कडेने बोट नेत. सहाव्या वेळी म्हणाली, "आता खरा द्या."

खरा ठेवताना मी माझे हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. प्रोसेसर जागेवर बसला. तिने तर्जनीने हलकंच ढकलून पाहिलं, हलला नाही. सॉकेटची दांडी दाबली तेव्हा कर्रर्र आवाज झाला आणि मावशींनी डोळे मिटून घेतले. तो आवाज तसाच होतो.

रॅम दोन्ही बाजूंनी टक टक बसली. स्क्रू तिने स्टीलच्या वाटीत ठेवले होते. एकाच ठिकाणी वैशाली अडली. पॉवरच्या बटणाच्या आणि रीसेटच्या बारीक वायरींच्या टोकांना खाच नसते, नुसती अक्षरं छापलेली असतात.

"ही अक्षरं वाचा," ती म्हणाली. मी वाचून लावायला हात पुढे केला. "वाचा म्हटलं. लावा नाही." मी वाचत गेले आणि मावशींनी पदराचा दोरा तोडून दिला. वैशालीने पॉवरच्या वायरीला एक गाठ बांधली, रीसेटच्या वायरीला दोन. आता तिला त्या कधीही ओळखता येणार होत्या. मग बझर लावला, आणि बटण दाबलं.

एक छोटा आवाज.

"झालं? येवढंच?" मावशी म्हणाल्या.

"एवढंच, आई," वैशाली म्हणाली, आणि दोन्ही हात कॅबिनेटवर ठेवून बसली. आत पंखा फिरत होता. तिच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या आणि ती ते लपवत नव्हती.

सॉफ्टवेअर घालून झाल्यावर एक पातळ, पत्र्यासारखा आवाज मराठी बोलायला लागला. ती तो इतक्या वेगाने ऐकते की मला एक शब्द कळत नाही. जीपमध्ये मशीन मांडीवर घेऊन ती टाकव्याला गेली. जाण्याआधी मी तिला बंद मशीनची रॅम काढून, तिच्या टोकांवर खोडरबर घासून परत लावायला शिकवलं होतं. आमच्या दमट हवेत ती टोकं मळतात आणि शंभरातल्या बऱ्याच दुखण्यांवर तेवढं खोडरबर पुरतं.

सोमवारी टेप आल्या. मंगळवारी तिचा निरोप आला, तीन झाल्या. बुधवारी पाच. गुरुवारी दुपारी वारा सुटला, खांब पडले, टाकव्यासकट सगळ्या आंदर मावळातली लाइट गेली. त्यानंतर निरोप नाही. शुक्रवारी सकाळी फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. फोनचा टॉवरही गेला असणार हे कळत होतं, पण मनात भलतंच येत होतं. मशीन बंद पडलं असेल. ती वाट बघत बसली असेल. भाऊबंद पडवीत येऊन बोलून गेले असतील. स्क्रीन नसलेलं मशीन हातात देऊन मी त्या मुलीला एकटं सोडलं होतं, माझ्या एका पत्रकापायी. शटर ओढलं, हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवली, रेनकोट घातला आणि निघाले. टाकव्यापर्यंतचा रस्ता कुठे दिसत होता, कुठे नव्हता.

घराच्या दारातच थांबले. आत भर दुपारी अंधार. खाटेवर मशीन झाकण उघडून आडवं पडलं होतं, प्लग काढलेला. वैशाली त्याच्यावर वाकली होती, एका हातात खोडरबर, दुसऱ्यात रॅमची पट्टी. मावशी शेजारी बॅटरी धरून उभ्या होत्या.

"आई, बॅटरी कुणासाठी धरलीयस?"

"माज्यासाटी. तुला न्हाई दिसत, मला तरी दिसू दे काय करतीयास."

मी चप्पल काढली तशी वैशाली म्हणाली, "कोण? ताई का? रेनकोट वाजतोय. पाणी मशीनवर पाडू नका, तिथंच थांबा."

"काय झालं?"

"सकाळी लाइट आली तेव्हा सुरू केलं. लांब आवाज, पुन्हा पुन्हा. रॅम. आणि का झालं ते तिला विचारा."

मावशी बॅटरीसकट कोपऱ्याकडे वळल्या. खुंटीवर प्लास्टिकची खोळ लटकत होती, लावणी करताना बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ती.

"म्याच क्येलं बाय," त्या म्हणाल्या. "गुरवारी छपराच्या पावळीचं पानी आत आलं. म्हनलं, एवढ्या मोलाचं मशीन, भिजंल. ही जरा आडवी झाली तर त्याच्यावर खोळ घातली आन् सुतळीनं आवळली."

"तेही मशीन गरम असताना," वैशाली म्हणाली. "आई, खोळीत तू आयुष्य काढलंस. आत पावसानं भिजत नाही माणूस, घामानं निथळतं. तेच झालं त्याचं. रात्रभर घामाघूम."

मी पिशवीकडे हात नेला. माझ्याकडे संपर्कबिंदू साफ करायचा फवारा होता, ब्रश होता, जादा रॅम होती. "मी जरा बघू?"

"नको. दोन्ही पट्ट्या घासून झाल्यात. आत कोरड्या फडक्यानं पुसलंय, चुलीजवळ तासभर उघडं ठेवलं होतं. लांबवर, भाजेल असं नाही." तिने पट्टीची खाच अंगठ्याने चाचपली, पट्टी जागेवर धरली आणि दाबली. टक. दुसरी. टक. "लाइट कधी येते बघायचं."

सव्वा तास आम्ही तिघी बसून होतो. त्या सव्वा तासात मी चार वेळा पिशवी उघडायला निघाले आणि चार वेळा बसले. पाच टेप उरल्या होत्या, हातात दीड दिवस. वैशाली भिंतीला टेकून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. ती सहाव्या टेपचं सुरुवातीचं बोलणं आठवून पाठ करत होती, वेळ वाया जायला नको म्हणून.

लाइट आली. तिने बटण दाबलं. एक छोटा आवाज झाला, आणि मागोमाग तो पत्र्याचा आवाज बोलायला लागला. मावशींनी बॅटरी विझवून मशीनला हात जोडले.

दहाही टेप शनिवारी संध्याकाळी पोहोचल्या, काम तिला मिळालं आणि आजही तिच्याकडेच आहे, हे इथेच सांगून टाकते. पण माझ्या धंद्यातला सगळ्यात अभिमानाचा दिवस तो शनिवार नाही. तो शुक्रवार आहे, ज्या दिवशी मी माझी हत्यारं घेऊन धावत गेले आणि ती कुणालाच लागली नाहीत.

"मस्त झालं," मी म्हणाले. "आता खोळ घालायची असली तर आधी..."

"ताई," वैशाली हेडफोन चढवत म्हणाली, "बाहेर बसता का? टेपमधल्या या आजींचे दात गेलेत, आधीच शब्द तुटतात."

मी आणि मावशी पडवीत येऊन बसलो. मावशींनी चहा दिला. आतून कळांचा आवाज यायला लागला, आधी अडखळत, मग सलग.

"बाय," मावशी म्हणाल्या, "आता हिला तुजी गरज न्हाई व्हय?"

"नाही, मावशी."

त्यांनी माझ्या न उघडलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "समद्यांना असंच शिकवत ऱ्हायलीस तर तुजं दुकान चालायचं कसं गं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, एवढ्यात आतून वैशाली ओरडली, "हळू बोला!" आम्ही दोघींनी माना खाली घातल्या आणि गुपचूप चहा प्यायलो.